फ्रान्सहून अंधेरीस

परकीय नाटक मराठीत आणावयाचे ते भाषांतर करून की रूपांतर करून, हा आपल्या टीकाकारांचा जुना आणि लाडका वाद आहे. मोलिअरच्या एका वैद्याचे हरिभाऊ आपट्यांनी ‘मारून मुटकून वैद्यबुवा’ केले, आणि त्याच फ्रेंच नाटककाराच्या कृपणाला अत्र्यांनी ‘कवडीचुंबक’ म्हणून मराठी रंगभूमीवर उभे केले, तेव्हा प्रेक्षकांनी त्यांचे कुळगोत्र विचारले नाही. भाषांतरात पाहुणा ओटीवर बसून राहतो; रूपांतरात तो माजघरापर्यंत येतो, आणि परत जाताना घरच्यांच्या बोलण्याची ढब किंचित बदलून जातो. ही कसोटी नाटकाला लावण्याची आपल्याला सवय आहे. ती फुटबॉलच्या मैदानास लावून पाहावी, असा आमचा विचार आहे. खेळ हा टीकेचा विषय नव्हे, असे ज्यांस वाटत असेल, त्यांनी आपल्याच घरातील शाळकरी मुलगा पॅरिसचा सामना पाहण्यासाठी मध्यरात्री का जागतो, याचा क्षणभर विचार करावा. ज्या गोष्टीने घराची झोप मोडते, तिची दखल मासिकाच्या पानांनी घेतली तर फारसे बिघडणार नाही.

फ्रान्समध्ये व्यावसायिक फुटबॉलची साखळी स्पर्धा १९३२ साली सुरू झाली. तिच्या सर्वांत वरच्या पायरीस पहिला विभाग म्हणतात. या विभागात परदेशी म्हणून खेळलेले आणि पुढे मुंबई-पुण्यास येऊन परदेशी म्हणूनच खेळलेले असे काही खेळाडू आहेत. २०१५ साली पुण्याच्या संघात रुमानियाचा आद्रियान मुतू होता, जो आधी कॉर्सिका बेटावरील आझाक्सिओकडून खेळला होता. आयव्हरी कोस्टचा दिदिए झोकोरा होता, जो सेंट एतियनकडून खेळला होता. अंधेरीच्या मैदानावर २०१८ पासून दोन हंगाम पोर्तुगालचा पाउलो माशादो खेळला. त्याने सेंट एतियन व तुलूझ या दोन फ्रेंच नगरांची सेवा केली होती. त्याच्याच बरोबरीने सेनेगलचा मोदू सुगू आला, तो मार्सेयचा. आणि २०२०-२१ च्या हंगामात मुंबईच्या संघात नायजेरियाचा बार्थोलोम्यू ओगबेचे होता, ज्याने आपल्या तारुण्याची पहिली वर्षे पॅरिसच्या संघात काढली होती.

यांत निकोलस अनेल्काचे नाव आम्ही घेतले नाही, कारण तो फ्रेंचच. २०१४ साली तो मुंबईकडून खेळावयास आला तेव्हा संघाचे घरचे मैदान नेरूळला होते. मानखुर्दच्या फलाटावरून त्या दिवसांत निळे सदरे घातलेली पोरे गाडीत चढत आणि खाडीचा पूल ओलांडून पलीकडे जात. १९९२ मध्ये रूळ वाशीस पोचण्यापूर्वी मानखुर्द हे हार्बर मार्गाचे टोक होते, मुंबईची गाडी येथे येऊन थांबत असे. अनेल्का पाहावयास जाणाऱ्या पोरांच्या दृष्टीने मात्र येथून मुंबईची सुरुवात मागे पडत होती. पुढे २०१६ पासून संघ अंधेरीस गेला, आणि आमच्या पोरांना कुर्ल्यास गाडी बदलून घाटकोपर, तेथून मेट्रोने आझादनगर, असा द्राविडी प्राणायाम करावा लागू लागला. अनेल्काचा खेळ हा, आमच्या मते, भाषांतर न केलेल्या अवतरणासारखा होता. वाक्य सुंदर, पण भोवतालच्या मजकुराशी त्याचे नाते जुळले नाही.

या पाहुण्यांविषयी आपल्याकडे दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला असा, की हे सारे उतारवयातले गडी आहेत. युरोपात कोणी विचारीनासे झाले म्हणजे निवृत्तिवेतन घ्यावयास इकडे येतात. वयाची गोष्ट खोटी नाही. पण वय हा टीकेचा मुद्दा होऊ शकत नाही. खेळ हा होऊ शकतो. १६ डिसेंबर २०१८ रोजी अंधेरीस मुंबईने केरळचा ६ विरुद्ध १ असा पराभव केला, आणि त्यांतील चार गोल एकट्या सुगूचे होते. तो त्या वेळी तेहेतीस वर्षांचा होता. त्या हंगामात त्याने एकूण बारा गोल केले. वर्तमानपत्रांनी ते आकडे छापले आणि समाधान मानले. आकडा छापला म्हणजे खेळ कळला, ही समजूत आपल्या क्रीडावृत्तलेखनाची सर्वांत मोठी उणीव आहे. सुगूचे धावणे केव्हा सुरू होई, हे पाहण्यासारखे असे. माशादोने चेंडू थांबवून मान वर केली की तो निघे. चेंडू सुटण्याच्या आधी. त्याची धाव ही माशादोच्या मनातील वाक्याचे उत्तरपद होती. सुगूची बरीच वर्षे पोर्तुगालमध्ये गेलेली, माशादो मूळचा पोर्तोचा, आणि प्रशिक्षक जॉर्जे कॉस्टा हेही पोर्तुगीज. तेव्हा त्या तिघांत एक बोली आधीपासून तयार होती. प्रश्न असा, की ती बोली मैदानावरील उरलेल्यांस किती समजली? त्याच हंगामाच्या उपान्त्य फेरीत, मार्च २०१९ मध्ये, गोव्याने अंधेरीस येऊन मुंबईवर पाच गोल चढविले व एकच स्वीकारला. दोघांची बोली उत्तम असून अकरांचे संभाषण तुटले म्हणजे काय होते, ते त्या संध्याकाळी दिसले.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि त्याला केवळ स्वदेशाभिमान म्हणून हसण्यावारी नेणे अन्यायाचे होईल. तो असा: गोल करण्याची जागा परदेशी माणसाला दिली की आपला मुलगा ती जागा कधी शिकतच नाही. या स्पर्धेत प्रथम अकरांपैकी सहा परदेशी खेळविता येत. २०१७-१८ पासून पाच, आणि २०२१-२२ पासून चार. नियम घट्ट होत गेला तो याच भयापोटी. पण प्रत्येक संघाने हाताशी असलेल्या परदेशी जागा कोठे खर्च केल्या? बहुधा मधल्या कण्यावर, आणि त्यातही गोलासमोर. परिणाम आपल्यासमोर आहे. सुनील छेत्रीने २०२४ साली आंतरराष्ट्रीय फुटबॉलचा निरोप घेतला, आणि २०२५ च्या मार्चमध्ये, चाळिशी पार केलेली असताना, त्याला पुन्हा बोलावून आणावे लागले. ज्या घरात आजोबांनाच विहिरीवर पाणी काढावयास पाठवावे लागते, त्या घराविषयी शेजारी काय बोलतील, हे सांगण्याची गरज नाही.

या आक्षेपाचा निकाल लावावयाचा तर फ्रान्सकडेच पाहिले पाहिजे. कारण हे दुखणे त्यांनी आपल्या आधी आणि आपल्याहून जास्त दिवस भोगले आहे. १९६७ साली मालीचा सालिफ केइता पॅरिसच्या विमानतळावर उतरला. न्यावयास कोणी आले नव्हते. तेव्हा त्याने भाड्याची मोटार केली आणि सुमारे पाचशे किलोमीटर दूर असलेल्या सेंट एतियनला जाऊन पोचला. भाडे क्लबने दिले. जुन्या मराठीत ‘परदेशी’ म्हणजे नुसता दुसऱ्या देशचा नव्हे, तर ज्याला कोणी नाही असा. त्या मोटारीत बसलेला तरुण दोन्ही अर्थांनी परदेशी होता. चार वर्षांनी, १९७०-७१ च्या हंगामात, त्याने बेचाळीस गोल केले, आणि तरीही तो दुसरा आला. कारण मार्सेयच्या युगोस्लाव योसिप स्कोब्लारने चव्वेचाळीस केले होते. तेथून पुढे हा क्रम थांबला नाही. स्कोब्लार तीनदा, अर्जेंटिनाचा कार्लोस बियांकी पाचदा, त्याच देशाचा देलिओ ओनिस पाचदा, मग युगोस्लाव हालिलहोद्झिच, मग सेनेगलचा बोकांदे: १९७१ ते १९८६ या सोळा हंगामांत सर्वाधिक गोल करणाराचा मान दर वर्षी परदेशी खेळाडूकडे गेला, एकदोनदा तो विभागला गेला एवढेच. ओनिसचे त्या विभागातील गोल २९९ भरले, आणि तो आकडा कोणा फ्रेंच माणसास गाठता आलेला नाही.

सोळा वर्षे! आपल्याकडील आक्षेपकांच्या हिशेबाने या काळात फ्रेंच फुटबॉल मरून जावयास हवा होता. तो मेला नाही. १९८४ साली फ्रान्स युरोपचा विजेता झाला. परंतु येथे उत्साहाच्या भरात आपल्या बाजूचा पुरावा तेवढा घेऊन पळून जाणे योग्य होणार नाही. त्या स्पर्धेत फ्रान्सने चौदा गोल केले; त्यांतील नऊ मिशेल प्लातिनीचे, आणि तो मधल्या फळीचा माणूस. आघाडीवीरांच्या नावावर सबंध स्पर्धेत एकच गोल लागला, अंतिम सामन्यातील बेलोनचा. म्हणजे परदेशी माणसांनी जी जागा अडविली होती, ती जागा खरोखरच रिकामी राहिली होती. भोवतालच्या जागा मात्र अधिक समृद्ध झाल्या होत्या. आक्षेप अर्धा खरा ठरतो. (प्लातिनी त्या वेळी इटलीत परदेशी म्हणूनच खेळत होता, ही गंमत जाता जाता नोंदवावी.)

उरलेला अर्धा भाग कसा सुटला, हे पाहण्यासारखे आहे. परदेशी खेळाडूंस बाहेर घालवून तो सुटला नाही. १९७२ साली विशी येथे राष्ट्रीय शिक्षणसंस्था निघाली आणि १९७३ च्या सनदेने व्यावसायिक क्लबांवर आपापली शिक्षणकेंद्रे चालविण्याचे बंधन आले. विशीच्या संस्थेतून जी मुले बाहेर पडली, त्यांत झां-पिएर पापां हा एक होता. १९८८ ते १९९२ अशी लागोपाठ पाच वर्षे तो पहिल्या विभागात सर्वाधिक गोल करणारा ठरला. परदेशी माणसांचा ओघ त्या वेळी आटला होता म्हणावे, तर जॉर्ज वीआ हा लायबेरियाचा अलौकिक खेळाडू त्याच वर्षांत मोनाकोकडून खेळत होता. रूपांतरास जसा मूळ ग्रंथ लागतो तसा ती भाषा शिकलेला लेखकही लागतो. फ्रान्सने परकीय ग्रंथ सोळा वर्षे आणले आणि त्याच वेळी घरात व्याकरणाची शाळा चालविली. आपण ग्रंथ आणतो. शाळेचे भाडे भरण्याची वेळ आली की हात आखडतो.

म्हणून आमचे मत असे, की परदेशी खेळाडूचे मोल त्याच्या गोलांवरून ठरविणे ही मुळातच चुकीची टीका आहे. त्याच्या शेजारी खेळणाऱ्या देशी खेळाडूत काय बदलले, ते पाहावे. या दृष्टीने ओगबेचेचा मुंबईतील हंगाम आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. वास्तविक ‘मुंबईतील’ हा शब्दही खरा नाही. साथीमुळे तो सारा हंगाम गोव्यात, रिकाम्या प्रेक्षागारांपुढे खेळला गेला, आणि मुंबईकरांनी आपला संघ घरातल्या पडद्यावरच पाहिला. ओगबेचेचे त्या हंगामात आठ गोल झाले. दुसऱ्याच वर्षी त्याने हैदराबादकडून अठरा केले. तेव्हा आकड्यांच्या भक्तांना तेच वर्ष थोर वाटणार. पण १३ मार्च २०२१ रोजी फातोर्ड्यास अंतिम सामना होता. मोहन बागानविरुद्ध १-१ अशी बरोबरी, घड्याळ नव्वदाव्या मिनिटावर, आणि गोलासमोरच्या गोंधळात चेंडू ओगबेचेपाशी आला. सतराव्या वर्षी विश्वचषक स्पर्धेत उतरलेला, पॅरिसपासून हॉलंडपर्यंत आयुष्यभर गोल करण्याचाच पगार घेतलेला हा मनुष्य. त्याने चेंडू बिपिन सिंगला दिला. बिपिनने गोल केला आणि चषक मुंबईस आला.

बिपिन बगलेवरचा खेळाडू आहे, मधला आघाडीवीर नव्हे. म्हणजे १९८४ च्या फ्रान्सप्रमाणे येथेही शेजारची जागाच समृद्ध झाली. तरीही ही देवघेव सहज घडत नाही. तो चेंडू देण्यात जितके शिक्षण होते, तितकेच तो अचूक जागी घेण्यास उभे राहण्यात होते. अशा रीतीने किती बिपिन तयार झाले, हा हिशेब आपल्या क्लबांनी मांडावा. सुगू गेला, माशादो गेला, ओगबेचेही गेला. त्यांच्याबरोबर सरावास उभी राहिलेली आपली मुले पुढे कोठे खेळली, याचा शोध कोणा वार्ताहराने चिकाटीने घेतला तर त्याची लेखमाला आम्ही आनंदाने वाचू.

मानखुर्दच्या पोरांविषयी एक गोष्ट राहिली. त्यांच्या अंगात सध्या मेस्सी आणि एम्बाप्पे यांची नावे लिहिलेले सदरे असतात, आणि मेस्सी पॅरिसकडून दोन हंगाम परदेशी म्हणून खेळला, हे त्यांस तोंडपाठ आहे. रुळांच्या कडेला जी मोकळी जागा उरली आहे तीत दगडांचे गोल मांडून ती खेळतात. तेथे मधल्या आघाडीवीराच्या जागेवरून रोज भांडण होते, कारण ती जागा प्रत्येकालाच हवी असते.