‘विकी डोनर’च्या पार्टीतली ५३ मुलं

‘विकी डोनर’ २०१२ साली आला तेव्हा सगळ्यांत जास्त कौतुक झालं ते त्याच्या धिटाईचं. वीर्यदानासारखा विषय, आणि तोही घरच्यांसोबत बसून बघता येईल असा. दिग्दर्शन शूजित सरकारचं, लेखन जुही चतुर्वेदीचं, आणि आयुष्मान खुरानाचा हा पहिलाच हिंदी सिनेमा. लाजपतनगरात ब्यूटी पार्लर चालवणारी आई आणि तिची म्हातारी सासू रात्री निवांत बसून पेग लावतात, हे आठवून आजही हसू येतं. अन्नू कपूर आणि डॉली अहलुवालिया या दोघांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले ते योग्यच होतं. मला हा सिनेमा तेव्हाही आवडला होता, आजही आवडतो. माझी तक्रार आहे ती फक्त शेवटाबद्दल.

कथा आठवत असेलच. आपण आई होऊ शकत नाही हे आशिमाला कळतं, आणि त्याच सुमारास नवरा डोनर होता हेही कळतं. त्याने ते लपवून ठेवलेलं असतं. ती माहेरी निघून जाते. मग डॉक्टर चड्ढा आपल्या क्लिनिकची एक पार्टी ठेवतात आणि तिथे विकीच्या दानातून जन्मलेल्या मुलांना आईबापांसकट बोलावतात. ५३ मुलं. चड्ढा आशिमाला ती पोरं दाखवतात, त्यांच्या आईबापांचे खुललेले चेहरे दाखवतात, आणि तिचा राग विरघळतो.

ते दृश्य मोबाइलवर पुन्हा एकदा लावून बघा. पण या वेळी आशिमाकडे नाही, मुलांकडे बघा. ती पळतायत, खेळतायत, खातायत. बापाच्या बाजूने आपली ५२ भावंडं याच पार्टीत आहेत हे त्यांच्यातल्या एकालाही माहीत नाही. आपला जन्मदाता दहा पावलांवर उभा आहे हेही नाही. त्यांना माहीत नाही म्हणूनच हे दृश्य गोड वाटतं. यातल्या एकाच पोराला ते कळलंय अशी नुसती कल्पना केली तरी पार्टीचा रंग उतरतो. लपवल्यामुळे बायको दुखावते हे दाखवण्यात ज्या सिनेमाने अर्धा तास घालवला, तो ५३ जणांपासून तीच गोष्ट लपवून ठेवतो आणि त्यालाच सुखान्त म्हणतो. मोठ्यांना सगळं ठाऊक, मुलांना काहीच नाही, आणि सगळे केक खातायत.

तेव्हा चार-पाच वर्षांची दिसणारी ती पोरं आज कॉलेजात असतील. तुमच्या वर्गातही असू शकतील. (२०२१च्या कायद्याप्रमाणे एका डोनरचं वीर्य एकाहून जास्त दांपत्यांना देता येत नाही. म्हणजे आज विकीचं करिअर पहिल्याच गिऱ्हाइकाला संपलं असतं.)

हा दोष एकट्या ‘विकी डोनर’चा नाही. डोनरकडून जन्मलेल्या माणसांबद्दल सिनेमे पुष्कळ निघाले, पण कॅमेरा बहुतेक वेळा बापाच्या खांद्यावर. २०११चा ‘स्टारबक’ हा कॅनडाचा फ्रेंच सिनेमा घ्या. त्यात ५३३ मुलं आहेत, आणि त्यांतली १४२ जण डोनरची ओळख मिळावी म्हणून कोर्टात गेलेली आहेत. म्हणजे मुलं इथे निदान शोधतायत. पण दिग्दर्शक केन स्कॉट त्यांच्यासोबत कोर्टात जातच नाही. तो जातो त्या गबाळ्या बापासोबत, एकेका मुलाला चोरून मदत करायला. बघताबघता १४२ माणसं म्हणजे एका चाळिशीतल्या माणसाला सुधारण्याची शिबिरं होऊन जातात. दोनच वर्षांनी स्कॉटने हाच सिनेमा हॉलिवुडमध्ये ‘डिलिव्हरी मॅन’ नावाने पुन्हा केला. त्याबद्दल न बोललेलं बरं.

दुसरा प्रकार गुन्हेगारी कथेचा. नेटफ्लिक्सवरची २०२२ची डॉक्युमेंटरी ‘आवर फादर’ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातला वंध्यत्वाचा डॉक्टर डोनाल्ड क्लाइन पेशंटना न सांगता स्वतःचंच वीर्य वापरत होता. घरबसल्या करायच्या डीएनए टेस्टमधून एकेक भावंड सापडत गेलं आणि सिनेमा संपेपर्यंत आकडा ९४वर पोचला. मुलं इथे केंद्रस्थानी आहेत, त्यांचा संताप खरा आहे, आणि क्लाइनला शिक्षा झाली ती फक्त तपासात खोटं बोलल्याची, तीही स्थगित, हे ऐकून आपलंही डोकं फिरतं. पण निर्मात्यांमध्ये ब्लमहाउस ही भयपटांसाठी प्रसिद्ध असलेली कंपनी आहे, आणि ते लपत नाही. अंधारी खोली, डॉक्टरची पाठमोरी आकृती, छातीत धडकी भरवणारं संगीत, आणि वाढत जाणारा आकडा. माणसं त्या आकड्याचे टप्पे होऊन जातात.

यात एक मोठी सोयही आहे. सगळा दोष एका राक्षसावर टाकला की बाकीचे सुटतात. डॉक्टर सज्जन असता, डोनर अनोळखी पण नियमाप्रमाणे निवडलेला असता, तर या मुलांचा काही प्रश्नच नव्हता का? मला वाटतं, होता. आणि तो राक्षस नसलेल्या घरांतही असतो.

लिसा कोलोडेंकोचा ‘द किड्स आर ऑल राइट’ (२०१०) या सगळ्यांत मोकळा वाटतो, त्याचं कारण इथे शोधावं लागेल. त्यात दोन आया आहेत, त्यामुळे घरात बाप नाही हे लपवणार कसं? मुलांना पहिल्यापासून माहीत आहे. बहीण १८ वर्षांची झाली म्हणून फोन ती करते, धाकट्या भावाच्या आग्रहाखातर. डोनर भेटतो, आवडतो, मग नकोसा होतो. पुढे सिनेमा मुलांना सोडून मोठ्यांच्या भानगडीत शिरतो, ते मला खटकलं. पण मुलांना डोनरबद्दल फक्त कुतूहल आहे. त्यांच्यात जखम दिसत नाही, कारण त्यांच्याशी कोणी खोटं बोललेलं नाही.

आपण कर्णासाठी रडत मोठे झालेले वाचक. शिवाजी सावंतांचं ‘मृत्युंजय’ १९६७पासून घराघरांत वाचलं जातंय. पण जरा विचार करा: पाचही पांडवांमधला एकही पंडूचा नव्हता. धर्म, वायू, इंद्र, अश्विनीकुमार. त्यांच्यासाठी कोणी रडत नाही, कारण त्यांच्या जन्माची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती आणि तरी ते पंडूचे पुत्र म्हणून उजळ माथ्याने वावरले. कर्णाचं आणि त्यांचं जन्माचं गणित एकच, आईही एकच (नकुल-सहदेव सोडून). फरक इतकाच की कर्णाच्या बाबतीत आईला माहीत होतं आणि ती बोलली नाही. बोलली ती युद्ध तोंडावर आल्यावर.

हे न बोलणं या उपचाराच्या मुळातच आहे. डोनरच्या वीर्याने गर्भधारणा केल्याची डॉक्टरांकडून झालेली सर्वांत जुनी ज्ञात नोंद फिलाडेल्फियाची, १८८४ची. जेफरसन मेडिकल कॉलेजातले डॉक्टर विल्यम पँकोस्ट यांनी एका स्त्रीला तपासणीसाठी म्हणून क्लोरोफॉर्म दिला आणि ती बेशुद्ध असताना आपल्या एका विद्यार्थ्याचं वीर्य वापरलं. नवऱ्याला नंतर सांगितलं. तिला कधीच नाही. ही गोष्ट बाहेर आली २५ वर्षांनी, १९०९मध्ये, अ‍ॅडिसन हार्ड नावाच्या डॉक्टरने एका वैद्यकीय मासिकात पत्र लिहिलं तेव्हा. त्या पत्रात हार्ड सांगतो की तो मुलगा आता न्यूयॉर्कमध्ये व्यापारी आहे आणि गेल्या वर्षभरात मी त्याच्याशी हस्तांदोलन केलंय. माझं मन अडकतं ते त्या हस्तांदोलनात. समोरच्याच्या आयुष्यातली सगळ्यांत मोठी गोष्ट याला माहीत आहे, आणि तो हसून त्याचा हात हलवतोय.

याच फिलाडेल्फियात आणखी एक गुपित पुरलेलं होतं, आणि त्यावर या विषयावरचं मी वाचलेलं सर्वांत चांगलं पुस्तक उभं आहे: डॅनी शपिरो यांचं ‘इनहेरिटन्स’ (२०१९). शपिरो अमेरिकन कादंबरीकार. कर्मठ ज्यू घरात वाढलेल्या. गोऱ्यापान, सोनेरी केसांच्या, निळ्या डोळ्यांच्या. ‘तू ज्यू वाटत नाहीस’ हे जन्मभर ऐकलेल्या. २०१६मध्ये, चोपन्नाव्या वर्षी, नवरा करतोय म्हणून त्यांनीही सहज डीएनए टेस्ट केली. निकाल असा की वडिलांच्या पहिल्या लग्नाची मुलगी, म्हणजे त्यांची सावत्र बहीण, रक्ताने त्यांची कोणीच लागत नाही. जन्मदाता शोधायला त्यांना आणि त्यांच्या पत्रकार नवऱ्याला फक्त ३६ तास लागले. तरुणपणी वीर्यदान केलेला तेव्हाचा वैद्यकीय विद्यार्थी, आताचा निवृत्त डॉक्टर. यूट्यूबवर त्याच्या भाषणाचा व्हिडिओ होता. स्वतःचे हातवारे परक्या माणसाच्या हातांवर बघणं कसं असतं, ते शपिरोंनी फार थोडक्यात आणि फार नेमकं लिहिलंय.

बाप इतक्या लवकर सापडतो, पण पुस्तकाची बरीच पानं अजून उरलेली असतात. मग उरलेल्या पानांत त्या काय शोधतात? त्या शोधतात ते आपल्या आईवडिलांना. त्यांना माहीत होतं का? दोघांना, की एकट्या आईलाच? विचारायचं कोणाला? वडील तीस वर्षांपूर्वी मोटार अपघातानंतर गेले, आईही नाही. गर्भधारणा फिलाडेल्फियातल्या एका संस्थेत झाल्याचं आई एकदा बोलता बोलता म्हणाली होती, तेवढाच धागा हाती. मग त्या जुने डॉक्टर, धर्मगुरू, वडिलांचे नातलग यांच्याकडे जातात. त्यातून त्या काळची एक पद्धत समोर येते. डॉक्टर डोनरच्या वीर्यात नवऱ्याचं वीर्य मिसळायचे, म्हणजे मूल कदाचित आपलंच असेल असं दोघांना मानता यावं. काही डॉक्टर तर जोडप्याला त्याच रात्री शरीरसंबंध ठेवायला सांगत. म्हणजे गुपित फक्त मुलापासून नाही, आईबापांच्या स्वतःच्याच मनापासूनही लपवायची सोय. हे वाचताना शपिरोंच्या वडिलांबद्दल मला राग आला नाही. एका धार्मिक, खचलेल्या माणसाला डॉक्टरने शंकेचा आडोसा दिला आणि तो त्याने घेतला.

पुस्तकात दोष आहेत. शपिरो प्रत्येक योगायोगाला संकेत मानतात, आणि काही प्रकरणं आधीच्याच प्रकरणाची उजळणी करतात. शिवाय ३६ तासांत उत्तर मिळणं हे नशीब सगळ्यांचं नाही. बॅरी स्टीव्हन्स या कॅनेडियन दिग्दर्शकाची २००१ची डॉक्युमेंटरी ‘ऑफस्प्रिंग’ त्यासाठी सोबतीला बघावी. त्यांचा जन्म लंडनच्या एका क्लिनिकच्या उपचारांतून झालेला. तिथल्या नोंदी नष्ट केलेल्या, आणि लाळेची नळी पोस्टाने पाठवायचे दिवस अजून यायचे होते. त्या शोधात एक भाऊ हाती लागतो, बाप नाही. पुढे काही वर्षांनी कळलं की जन्मदाता बहुधा ते क्लिनिक चालवणाऱ्या डॉक्टरीणबाईंचा नवराच होता, बर्टोल्ड वीस्नर, आणि त्याची मुलं ६००पर्यंत असावीत असा अंदाज पुढे आला. ‘आवर फादर’ने या माहितीचं काय केलं असतं ते दिसतंच आहे. स्टीव्हन्स मात्र विनोदी, थोडे अवघडलेले, कॅमेऱ्यासमोर स्वतःचीच चेष्टा करणारे.

अशा भावाला मराठीत म्हणायचं काय? ‘सावत्र’ म्हटलं की आपल्याला दुसरी बायको दिसते, छळ दिसतो. इथे तर दोन घरांनी एकमेकांचं नावही ऐकलेलं नसतं. शब्द नसणं हाही न बोलण्याचाच भाग आहे. ब्रिटनमध्ये १ एप्रिल २००५पासून निनावी दान बंद झालं. त्यानंतरच्या दानातून जन्मलेलं मूल १८ वर्षांचं झालं की डोनरचं नाव विचारू शकतं. पण आपण डोनरकडून जन्मलो हेच माहीत नसेल तर नाव विचारायला जाणार कोण? ते सांगायचं काम कायदा करत नाही. ते घरातच करावं लागतं.

‘इनहेरिटन्स’मधलं माझ्या सर्वांत लक्षात राहिलेलं प्रकरण जन्मदात्याच्या भेटीचं नाही. ते आत्याचं आहे. वडिलांची बहीण, नव्वदी ओलांडलेली, अतिशय धार्मिक. शपिरो तिला भेटायला जातात. सांगावं की नाही? सांगितलं तर आत्याला धक्का बसेल, भावाबद्दल काय वाटेल, आणि मुख्य म्हणजे आपण अजून तिची भाची राहू का? शेवटी त्या सांगतात. म्हातारी सगळं ऐकून घेते. भावाबद्दल बोलते, त्याने सोसलेल्या दुःखाबद्दल बोलते, आणि समोर बसलेल्या चोपन्न वर्षांच्या बाईशी आधी जशी वागत होती तशीच वागत राहते.