विद्यार्थ्यांचे दूरचित्रवाणी केंद्र आणि संपादनाचा अधिकार : सिरॅक्यूज विद्यापीठातील ‘हिल टीव्ही’ प्रकरणाची चिकित्सा

विद्यार्थ्यांच्या आविष्काराचा विचार आपल्याकडे प्रामुख्याने भित्तिपत्रक, वार्षिकांक आणि एकांकिका यांच्या संदर्भात होतो. दूरचित्रवाणीचे केंद्र विद्यार्थ्यांनीच चालवावे, बातम्या त्यांनीच निवडाव्यात, कॅमेरा, ध्वनी, संकलन आणि निवेदन ही सर्व अंगे त्यांनीच सांभाळावीत, ही कल्पना आपल्या महाविद्यालयीन विश्वास फारशी परिचित नाही. पाश्चात्त्य विद्यापीठांत मात्र तिला साठ वर्षांची परंपरा आहे. ग्लासगो विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी १९६४ मध्ये, तर यॉर्क विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी १९६७ मध्ये असे केंद्र सुरू केले. ब्रिटनमधील अशा केंद्रांची राष्ट्रीय संघटना १९७३ मध्ये स्थापन झाली. या परंपरेचा इतिहास सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. अमेरिकेतील सिरॅक्यूज विद्यापीठात २००५ मध्ये घडलेल्या एका प्रकरणाच्या आधारे, विद्यार्थ्यांच्या केंद्रावर संपादनाचा अधिकार नेमका कोणाचा असतो, या प्रश्नाची चिकित्सा येथे केली आहे.

सिरॅक्यूज हे न्यूयॉर्क राज्यातील, १८७० मध्ये स्थापन झालेले खाजगी विद्यापीठ. त्याचा परिसर टेकडीवर वसलेला असल्याने तेथील विद्यार्थी-केंद्राने ‘हिल टीव्ही’ हे नाव घेतले होते. केंद्रावर बातम्या होत्या, क्रीडाविषयक कार्यक्रम होते आणि मनोरंजनही होते. या मनोरंजन विभागातील ‘ओव्हर द हिल’ या विनोदी कार्यक्रमात वर्ण, वंश आणि स्त्रिया यांच्याविषयी अत्यंत हीन पातळीवरचे विनोद प्रसारित झाले. ऑक्टोबर २००५ मध्ये प्रकरण उघडकीस येताच परिसरात संतापाची लाट उसळली आणि चान्सेलर नॅन्सी कँटर यांनी कार्यक्रमावर न थांबता संपूर्ण केंद्रच बंद केले. (तेथील चान्सेलर म्हणजे आपल्याकडील कुलपती नव्हेत, प्रत्यक्ष कारभार पाहणारे, आपल्या कुलगुरूंच्या जवळचे ते पद आहे.) कँटर या सामाजिक मानसशास्त्राच्या अभ्यासक. मिशिगन विद्यापीठात असताना प्रवेशप्रक्रियेतील वांशिक विविधतेच्या धोरणाची त्यांनी हिरिरीने पाठराखण केली होती. त्यामुळे हा निर्णय केवळ प्रशासकीय सोयीतून झाला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यामागे एक निश्चित मूल्यदृष्टी होती.

प्रथम विनोदाविषयी. अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या कैवाऱ्यांनी या प्रकरणी ‘उपहास’ ही ढाल पुढे केली. ती स्वीकारता येत नाही. उपहासाला लक्ष्य असावे लागते आणि ते लक्ष्य आपल्यापेक्षा प्रबळ असेल तरच उपहासकाचे धैर्य कसाला लागते. वर्गात आधीच एकटा पडलेला विद्यार्थी हे लक्ष्य ठरते तेव्हा उरते ती टवाळी. आपल्या काव्यशास्त्रालाही येथे निर्दोष मानण्याचे कारण नाही. भरताने हास्याच्या विभावांत व्यंगदर्शनाचा समावेश केला आहे. हा रस स्त्रिया आणि नीच प्रकृतीची पात्रे यांच्या ठायी अधिक दिसतो, असेही तो सांगतो. दुसऱ्याचे न्यून पाहून हसणे ही मानवी प्रवृत्ती तितकीच जुनी आहे. म्हणूनच क्षेमेंद्राने अकराव्या शतकात मांडलेला औचित्याचा निकष येथे अधिक उपयोगी पडतो. कोण बोलतो, कोणाविषयी बोलतो आणि कोणासमोर बोलतो, यांचा मेळ बसत नसेल तर विनोद हा विनोद म्हणूनच फसतो. ‘ओव्हर द हिल’ आधी याच कसोटीवर फसला. नीतीचा प्रश्न त्यानंतरचा.

तथापि, कार्यक्रम वाईट होता एवढ्याने केंद्र बंद करण्याचा निर्णय योग्य ठरत नाही. पहाटे उठून बातमीपत्र तयार करणाऱ्या, सामन्याच्या मैदानावर थंडीत कॅमेरा धरून उभ्या राहणाऱ्या विद्यार्थ्यांचा या विनोदांशी काय संबंध होता? एका विभागाच्या अपराधाची शिक्षा सर्वांना झाली. त्याहून गंभीर बाब अशी की, चूक दुरुस्त करण्याची संधी ज्यांनी ती केली त्यांच्याकडून काढून घेण्यात आली. विद्यार्थ्यांनी केंद्र चालविण्याचे शैक्षणिक प्रयोजन कॅमेरा हाताळण्यापुरते नसते. ते तंत्र कोणत्याही कार्यशाळेत शिकता येते. ‘हे प्रसारित करायचे नाही’ असे आपल्याच मित्राला सांगण्याची वेळ येते, तेथे खरे शिक्षण सुरू होते. हे सांगणारा कोणी ‘हिल टीव्ही’त नव्हता किंवा असला तरी त्याचे चालले नाही, हे केंद्राचे अपयश. परंतु विद्यापीठाने त्या जागी संपादक निर्माण केला नाही, कुलूप लावले.

आता एक तुलना आवश्यक ठरते. याच विद्यापीठात ‘द डेली ऑरेंज’ हे विद्यार्थ्यांचे वृत्तपत्र १९०३ पासून निघते आणि १९७१ पासून ते विद्यापीठापासून स्वतंत्र आहे. वृत्तपत्र विद्यापीठाबाहेर पडू शकले, दूरचित्रवाणी केंद्र का पडू शकले नाही? उत्तर माध्यमाच्या भौतिक रचनेत आहे. वृत्तपत्राला भाड्याची खोली, छापखाना आणि जाहिराती पुरतात. त्या काळातील दूरचित्रवाणी केंद्राला स्टुडिओ लागे, महागडी उपकरणे लागत आणि मुख्य म्हणजे परिसरभर पसरलेली केबल लागे. ती केबल विद्यापीठाची होती आणि स्टुडिओची जागाही विद्यापीठाचीच. विद्यार्थ्यांकडून घेतल्या जाणाऱ्या उपक्रम शुल्कातून निधी मिळाला, तरी त्यामुळे जागेची मालकी येत नाही. स्वातंत्र्याची चर्चा आपण नेहमी तत्त्वांच्या पातळीवर करतो. येथे ती केबलच्या मालकीपाशी येऊन थांबली होती.

कायद्याचा आधारही विद्यार्थ्यांना नव्हता. शासकीय विद्यापीठांबाबत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मधील रोझेनबर्गर आणि २००० मधील साउथवर्थ या खटल्यांत, विद्यार्थी शुल्काचे वाटप करताना मतांच्या आधारे भेदभाव करता येणार नाही, अशी भूमिका घेतली आहे. संविधानाची पहिली दुरुस्ती मात्र शासनाला बांधते, खाजगी विद्यापीठाला नव्हे. सिरॅक्यूजच्या न्यूहाउस पत्रकारिता विद्यालयाच्या तिसऱ्या इमारतीचे उद्घाटन सप्टेंबर २००७ मध्ये सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांच्या उपस्थितीत झाले. या इमारतीच्या काचेवर त्याच पहिल्या दुरुस्तीची शब्दसंहिता सहा फूट उंचीच्या अक्षरांत कोरलेली आहे. केंद्र बंद होऊन तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. यात दांभिकता आहे असे मला वाटत नाही. पण काचेवरील मजकूर ज्या संस्थेला कायद्याने लागू होत नाही, तिनेच तो मिरवावा, हा विरोधाभास नजरेआड करता येत नाही.

केंद्र पुढे ‘सिट्रस टीव्ही’ या नव्या नावाने उभे राहिले. नारिंगी हा विद्यापीठाचा रंग, त्यावरून हे नाव. वॉटसन हॉल या वसतिगृहाच्या इमारतीत त्याचा स्टुडिओ आहे आणि ते विद्यार्थीच चालवितात. विद्यार्थ्यांवर कायमचा अविश्वास दाखविला गेला नाही, हे कँटर यांच्या बाजूने नोंदविले पाहिजे.

आपल्याकडे हा प्रश्न उद्भवलाच नाही, कारण सूत्रे विद्यार्थ्यांच्या हाती कधी दिलीच गेली नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ या उपक्रमाचे प्रसारण १५ ऑगस्ट १९८४ रोजी सुरू झाले. पुणे विद्यापीठातील माध्यम केंद्रानेही त्यासाठी कार्यक्रम निर्माण केले. तेथे विद्यार्थी प्रेक्षक होता, क्वचित पडद्यावर दिसणारा सहभागी होता, संपादक नव्हता. शैक्षणिक संस्थांना नभोवाणी केंद्र चालविण्याची मुभा २००२ च्या अखेरीस मिळाली, परंतु परवाना संस्थेच्या नावे आणि स्वतःच्या बातम्या देण्यास मनाई. बातमीच नसेल तर संपादनाचा कस लागणार तो कोठे?

महाविद्यालयाच्या वार्षिकांकाचे काम पाहताना मी स्वतः एका विद्यार्थ्याच्या लेखातील चार ओळी त्याला न विचारता वगळल्या होत्या. ओळी खरोखरच वाईट होत्या. अंक निघाल्यावर तो काही बोलला नाही आणि पुढील वर्षी त्याने लेख दिला नाही. कँटर यांच्या निर्णयावर टीका करताना हे आठवते.

आज केबलचा प्रश्न उरलेला नाही. भ्रमणध्वनीवर चित्रीकरण करून ते यूट्यूबवर टाकण्यास कोणाची परवानगी लागत नाही, आणि ‘ओव्हर द हिल’सारखा कार्यक्रम कोणतेही विद्यापीठ आता कुलूप लावून थांबवू शकणार नाही. पण ज्या खोलीत दहा जण बसून एखादा विनोद प्रसारित करावा की करू नये यावर भांडू शकतात, ती खोली यूट्यूब देत नाही. ती विद्यापीठालाच द्यावी लागते, भाडे न मागता आणि दारावर कान न लावता.