नक्षी आणि नाव : गोंड चित्ररेषा व यंत्रप्रतिमा

जबलपूरचे चित्रकार ब्योहार राममनोहर सिन्हा यांनी भारतीय संविधानाच्या उद्देशिकेचे पान सजविले. हस्तलिखित मूळ प्रतीवरून डेहराडून येथे फोटोलिथोग्राफीने प्रती निघाल्या. पानाच्या कोपऱ्यातील 'राम' ही देवनागरी स्वाक्षरी त्यांतही टिकली. यांत्रिक पुनरुत्पादनाने कर्त्याचे नाव पुसले जातेच असे नाही. वाल्टर बेन्यामिन यांनी चर्चिलेले मूळ व प्रत हे द्वंद्व त्यामुळे आज अपुरे पडते. संगणकीय प्रणालीने घडविलेल्या प्रतिमेला मूळ चित्र असे नसतेच.

याच जबलपूरमधील गढा ही गोंड राजसत्तेची जुनी राजधानी. तेथून पूर्वेस, दिंडोरी जिल्ह्यातील पाटणगढच्या जनगढसिंह श्याम (मृत्यू २००१) यांच्यापासून कागद-कॅनव्हासवर रुजलेली परंपरा 'जनगढ कलम' म्हणून ओळखली जाते. तीत आकृतीच्या आत भरायची नक्षी प्रत्येक चित्रकाराची स्वतंत्र असते. जाणकार तीवरून हात ओळखतात. प्रणाली मात्र चित्र व त्यासोबतचा मजकूर यांच्या असंख्य जोड्यांवरून शिकते. मजकुरात केवळ 'गोंड शैली' असेल, तर ठिपके, हरिण, झाड यांची सरासरी तेवढी तिच्या हाती लागते. ही संज्ञा यंत्राने घडविलेली नाही. सूचिपत्रांनी आणि, स्पष्टच म्हणायचे तर, समीक्षेने ती आधीच रूढ केली होती.

दुर्गाबाई व सुभाष व्याम यांनी चितारलेले डॉ. आंबेडकरांचे चित्रचरित्र 'भीमायन' (२०११) या संदर्भात पुन्हा वाचावे. पात्रांना चौकटींत कोंडण्यास दोघांनी नकार दिला. घराच्या भिंती-अंगणांवरील 'दिग्ना' आलेखनाच्या वळणांनी पाने विभागली. सौम्य बोलणे पक्ष्याच्या आकारात, विखारी बोलण्याला विंचवाची नांगी, मनातल्या विचाराला डोळा. पाणी नाकारणाऱ्याचे शब्द कोणत्या आकारात बसवावेत, हा येथे नैतिक निवाडा आहे, अलंकरण नव्हे. विंचू यंत्रही काढील. नांगी कोणाच्या शब्दाला द्यायची, हे ठरविल्याचे उत्तरदायित्व मात्र त्या प्रतिमेत कोणाकडेच नसते.

हस्तनिर्मितीचे समर्थन रेषेच्या थरथरीवर उभारणारे लेखन हल्ली पुष्कळ आढळते. मला ते दुबळे वाटते. थरथर यंत्रालाही साधते. भज्जू श्याम, दुर्गाबाई व रामसिंह उर्वेती यांचे 'द नाइट लाइफ ऑफ ट्रीज' (२००६) हातकागदावर, हाताने स्क्रीन-छपाई करून काढलेले पुस्तक. तेथेही पुनरावृत्ती आहेच. पण ती तिघांच्या नावांसह होते.

२०२३ साली गोंड चित्रकलेस भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने प्रदेशाच्या नावाला संरक्षण लाभते. एकेका चित्रकाराची नक्षी त्याच्या कक्षेत येत नाही.