परदेशी फिल्म स्कूल : जाणं कशासाठी, परतणं कुठे?



संयोजकांनी विषय दिला आहे, सिनेमाच्या विद्यार्थ्यांना परदेशातल्या शिक्षणाच्या संधी. संधींची यादी मी वाचून दाखवणार नाही, ती तुमच्या फोनवर माझ्यापेक्षा चांगली मिळेल. माझं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं, तेव्हा मी 'संधी' या शब्दाचीच थोडी चिकित्सा करतो. हा शब्द आज घराघरांत फार महाग पडतोय. मुलीच्या दोन वर्षांच्या अभ्यासासाठी आईवडील राहतं घर गहाण टाकतात. मग आपण नेमकं काय विकत घेतोय, हे विचारायला नको का?

सुरुवात आपल्याच माणसापासून करू. 1912 साली दादासाहेब फाळके लंडनला गेले, तेही विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढूनच. तिथे ते काही आठवडेच राहिले. सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम कसं चालतं ते पाहिलं, विल्यमसन कॅमेरा घेतला आणि परत आले. 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. आता यातून 'बघा, काही आठवडे पुरतात' असा निष्कर्ष काढू नका. गेले तेव्हा ते चाळिशी ओलांडलेले होते. चित्रकला, छायाचित्रण, छपाई, जादूचे प्रयोग, हे सगळं त्यांच्या हातात होतं. काय येत नाही, हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. बाविसाव्या वर्षी ते ठाऊक असेलच असं नाही, आणि तो काही विद्यार्थ्याचा दोष नव्हे.

ॲरिस्टॉटल ज्ञानाचे प्रकार पाडतो. त्यातलं एक 'टेक्ने', म्हणजे करण्याचं कौशल्य. दुसरं 'फ्रोनेसिस', म्हणजे या क्षणी, या परिस्थितीत काय करणं योग्य, याची जाण. कौशल्य कुठेही शिकता येतं. प्रकाशयोजना प्रागमध्ये शिकलात काय आणि पुण्यात शिकलात काय, दिवा तसाच जळतो. जाण मात्र जिथे जगायचं आणि काम करायचं त्या मातीतच मुरते. माझी तक्रार अशी आहे की परदेशी शिक्षणाची जाहिरात कौशल्याची होते आणि किंमत मात्र जाण मिळणार असल्यासारखी लावली जाते.

एक उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. 1950च्या दशकाच्या सुरुवातीला लॅटिन अमेरिकेतले काही तरुण रोमच्या 'चेंत्रो स्पेरिमेंताले' या संस्थेत शिकायला गेले. क्युबाचे तोमास गुतिएरेझ आलेआ आणि हुलिओ गार्सिया एस्पिनोसा, अर्जेंटिनाचे फर्नांदो बिर्री. इटलीत तेव्हा नववास्तववादाचं वारं होतं. रस्त्यावर कॅमेरा न्यायचा, साध्या माणसांना घेऊन चित्रपट करायचा. क्युबात परतल्यावर या मंडळींनी कोळसा पाडणाऱ्या मजुरांवर 'एल मेगानो' हा लघुपट केला. बातिस्ताच्या पोलिसांनी तो जप्त केला. बघा, पद्धत रोमची होती, पण कॅमेरा कुणासमोर धरायचा हे रोमने सांगितलं नव्हतं. पुढे 1969 साली एस्पिनोसा यांनी 'अपूर्ण सिनेमा'ची बाजू मांडणारा निबंध लिहिला आणि तांत्रिक परिपूर्णतेच्या वेडावरच प्रश्नचिन्ह लावलं. म्हणजे गुरूघरी शिकलेलं त्यांनी गुरूच्याही पलीकडे नेलं.

आणि गोष्ट तिथे संपत नाही. 1959च्या क्रांतीनंतर लगेच क्युबात चित्रपटसंस्था उभी राहिली, म्हणून या लोकांना काम करायला जागा मिळाली. 1986 साली हवानाजवळ सान अंतोनिओ दे लोस बान्योस इथे आंतरराष्ट्रीय फिल्म स्कूल निघालं आणि बिर्री त्याचे पहिले संचालक झाले. एकेकाळी शिकायला परदेशी गेलेल्यांनी आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिकेच्या मुलांसाठी शाळा काढली. संधी या शब्दाचा पूर्ण अर्थ मला इथे दिसतो.

आता आपल्याकडे या. कुमार शहानी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी. ऋत्विक घटकांच्या हाताखाली शिकले, दामोदर कोसंबींकडून इतिहासाची दृष्टी घेतली, मग फ्रान्सला जाऊन पॅरिसच्या 'इदेक'मध्ये शिकले. रोबेर ब्रेसाँ यांच्याकडे सहायक म्हणून काम केलं, 1968चं पॅरिस डोळ्यांनी पाहिलं. परत आल्यावर निर्मल वर्मांच्या कथेवर 'माया दर्पण' केला, 1972 साली. गंमत बघा, वर्माही बरीच वर्षं प्रागमध्ये राहिलेले. परदेश पचवलेल्या दोन माणसांनी मिळून एका भारतीय घरातली घुसमट दाखवली. घटक आणि कोसंबी आधी भेटले होते, म्हणून ब्रेसाँ त्यांना गिळू शकले नाहीत, असं मी म्हणेन.

पण शहानींचा पुढचा कथाचित्रपट 'तरंग' कधी आला? 1984 साली. मध्ये बारा वर्षं! ज्याच्या शिक्षणावर दोन देशांनी खर्च केला, त्याच्या कामासाठी आपल्याकडे जागाच नव्हती. जाणाऱ्याला आपण हार घालतो, पण परतणाऱ्याला बसायला पाटही देत नाही.

आजची व्यवस्था वेगळी आहे. युरोपीय संघाच्या शिष्यवृत्तीवर चालणारे संयुक्त अभ्यासक्रम आहेत. 'डॉकनोमॅड्स' घ्या. लिस्बन, बुडापेस्ट, ब्रसेल्स अशा तीन शहरांत फिरून माहितीपट शिकायचा. कल्पना सुंदर आहे, आणि शिष्यवृत्ती मिळाली तर जरूर जा. भाषा येत नसलेल्या गावात माणसं कशी पाहायची, हा धडा कुठल्याही दिग्दर्शकाला उपयोगीच.

धोका दुसरीकडे आहे. तिथे विद्यार्थ्याला सतत आपला प्रकल्प परक्यांना समजावून सांगावा लागतो. हळूहळू तो आपलं गावच परक्यांना समजेल असं पाहू लागतो. सांगलीचा ऊसतोडणी मजूर मग माणूस न राहता 'विषय' होतो. अनुवाद वाईट नव्हे. पण मूळ लिहायच्या आधीच अनुवाद सुरू झाला, तर मूळ लिहिलंच जात नाही.

याच्या उलट, 'आपल्याकडे सगळं आहे, बाहेर जायचं कशाला' म्हणणारेही मला पटत नाहीत. चैतन्य ताम्हाणे अल्फोन्सो क्वारोन यांच्याकडे गेले, 'रोमा'चं काम जवळून पाहिलं, आणि परत येऊन शास्त्रीय संगीतावर मराठीत 'द डिसायपल' केला. 2020 साली व्हेनिसला त्याच्या पटकथेला पुरस्कार मिळाला. फिल्म स्कूलची पदवी नाही, पण आधी 'कोर्ट' केलेला होता. पुन्हा तेच. प्रश्न घेऊन गेलेला माणूस उत्तराचा उपयोग करू शकतो.

म्हणून अर्ज भरणाऱ्या मुलामुलींना माझं एकच सांगणं. आधी इथे एक लहान फिल्म करा, मोबाईलवर का होईना. ती जिथे फसेल तिथे तुमचा प्रश्न सापडेल. तो प्रश्न कुठल्या शाळेत, कुणाकडे सुटेल ते शोधा, मग शहर निवडा. पालकांनो, कर्ज काढण्याआधी मुलाला 'कुठे जाणार' हे विचारू नका, 'काय अडलंय' हे विचारा. आणि आपण बाकीच्यांनी, म्हणजे विद्यापीठांनी, फिल्म सोसायट्यांनी, सरकारने, परतणाऱ्यासाठी काय ठेवलं आहे हे स्वतःला विचारायचं. त्याचं उत्तर देता येत नसेल, तर आपण मुलांना संधी देतोय म्हणण्यापेक्षा त्यांना निरोप देतोय म्हणणं जास्त खरं.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.