नागपूर केंद्र आणि बालाघाटचा कान

१९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि जुन्या नागपूर विभागातला बालाघाट मध्य प्रदेशातच राहिला. इथल्या मराठी घरांचा रेडिओ मात्र नागपूरलाच लागलेला राहिला. १९४८ मध्ये सुरू झालेलं नागपूर केंद्र मध्यम लहरींवर वैनगंगेच्या खोऱ्यापर्यंत ऐकू येई. रात्र पडली की आयनांबर या लहरी परतवू लागतं, मग मुंबईही लागायची. आवाज येत-जात राही, पण लागायची.

त्या प्रक्षेपणाच्या आठवणी काढताना आपण त्याला फार गुण देतो. विज्ञानावरचं भाषण म्हणजे बहुतेकदा माइकसमोर वाचलेला निबंधच. वक्ता विद्वान, पण समोर कुणी ऐकतंय याचा पत्ता नाही. नव्वदच्या दशकात आकाशवाणीने ‘मानव का विकास’ ही १४४ भागांची मालिका १८ भाषांतून दिली, तेव्हा कुठे विज्ञानाला पात्रं आणि संवाद मिळाले.

संगीत नाटकाचं गणित वेगळं. ‘कट्यार काळजात घुसली’ घ्या. १९६७चं हे नाटक नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांचं, आणि त्यातले खाँसाहेब म्हणजे विदर्भातलेच वसंतराव देशपांडे. दोन घराण्यांचं वैर इथे गळ्यातच आहे. डोळे मिटले तरी फारसं हरवत नाही. पडदे, पोशाख, नटांचे हातवारे गाळून उरतं ते नाटकाचं सत्त्व. अशी नाटकं नभोवाणीसाठीच लिहिली असावीत असं कधी कधी वाटतं. शेजारच्या गोंदियात रात्रभर रंगणारं झाडीपट्टीचं नाटक मात्र स्टुडिओत मावत नाही. तिथे पदाला ‘वन्समोअर’ देणारा प्रेक्षक हा नाटकाचा निम्मा भाग असतो. नभोनाट्याला तो प्रेक्षक कधीच मिळाला नाही, आणि त्याच्या जागी काय द्यायचं हे फार थोड्या दिग्दर्शकांना उमगलं.

आता बालाघाटला स्वतःचं आकाशवाणी केंद्र आहे. एफएमवर, मुख्यतः हिंदीत. एफएमची लहर साधारण दृष्टीच्या टप्प्यात चालते, त्यामुळे आवाज स्वच्छ आणि पल्ला तोकडा. नागपूर मोबाइलच्या अ‍ॅपवर मिळतं, हे खरं. पण अ‍ॅपवर माणूस आवडीचंच शोधतो. श्रुतिकेची वाट पाहताना ग्रहणावरचं भाषण कानावर पडावं, नाटकासाठी बसलेल्या आजीने ते निमूट ऐकून घ्यावं आणि दुसऱ्या दिवशी नातवाला त्यावर प्रश्न विचारावा, ही सोय त्यात नाही. कंटाळवाण्या भाषणांनाही श्रोता मिळायचा तो या शेजारामुळेच.

छोटी केंद्रं राज्याच्या राजधानीचं आणि दिल्लीचं सहक्षेपण नेहमीच करतात. आठवड्यातून एक रात्र नागपूरची नाटकं बालाघाटच्या एफएमवरून ऐकवायला यंत्रसामग्री नवी लागणार नाही. अडेल ते कागदावर: सीमेपलीकडचा हा मराठी श्रोता भोपाळच्या खात्यात धरायचा की मुंबईच्या?