पुढचा गुण कुठे लावायचा?

शेरलॉक होम्सला पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे ठाऊक नव्हते! १८८७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ या पहिल्याच कादंबरीत डॉ. वॉटसन आपल्या या विचित्र सोबत्याच्या ज्ञानाची यादी करतो. रसायनशास्त्र सखोल, खगोलशास्त्र शून्य, वनस्पतिशास्त्रात विषारी वनस्पती तेवढ्या पक्क्या, भूशास्त्रात लंडनच्या कोणत्या भागातला चिखल कसा दिसतो एवढेच. होम्सचे म्हणणे असे, की मेंदू हा एक लहानसा माळा आहे. त्यात कामाचे तेवढेच सामान ठेवावे, नाहीतर अडगळ होते आणि हवी ती वस्तू सापडत नाही.

आपल्यापैकी अनेकांनी ही गोष्ट वर्गात सांगितली असेल. आणि एखाद्या चलाख मुलाने लगेच विचारलेही असेल, “मग सर, आम्ही तरी सूर्यमाला कशाला शिकायची?” पुढे काय शिकावे, कशावर वेळ घालवावा, हा प्रश्न शिक्षकाला रोजच पडतो. या प्रश्नावर एक अख्खा संगणकीय खेळ उभा आहे. त्याचे परीक्षण या पानांवर करण्याचे कारण हेच.

खेळाचे नाव ‘डिस्को इलिझियम’. तो २०१९ साली आला. त्याचा मुख्य लेखक आणि रचनाकार रॉबर्ट कुर्वित्झ हा एस्टोनियाचा कादंबरीकार. मित्रांबरोबर टेबलाभोवती बसून फाशांचे खेळ खेळता खेळता रचलेले काल्पनिक जग त्याने आधी कादंबरीत आणि मग या खेळात आणले. (आधीच सांगून ठेवतो, हा खेळ मुलांसाठी नाही. भाषा शिवराळ आहे, नायक दारुडा आहे. शिक्षकांनी खेळावा, विद्यार्थ्यांपुढे ठेवू नये.) रेव्हाशॉल नावाच्या शहराच्या एका पडीक बंदरभागात, एका खानावळीच्या मागे, झाडाला एक प्रेत लटकते आहे. तपासाला आलेला पोलीस अधिकारी इतका प्यायला आहे की त्याला स्वतःचे नावही आठवत नाही. तो म्हणजे आपण. सोबतीला किम कित्सुरागी नावाचा शांत, वहीत टिपणे काढणारा सहकारी आहे.

या अधिकाऱ्यापाशी २४ कौशल्ये आहेत. बुद्धी, मन, शरीर आणि हालचाल असे चार मूलगुण, आणि प्रत्येकाखाली सहा कौशल्ये. बुद्धीखाली तर्क, विश्वकोश, वक्तृत्व वगैरे. मनाखाली संकल्पशक्ती, सहानुभूती, अधिकार. शरीराखाली सोशिकता, वेदना सहन करणे. हालचालीखाली निरीक्षण, चपळाई, हस्तकौशल्य. सुरुवातीला चार मूलगुणांत मिळून १२ अंक वाटून घ्यायचे. पुढे तपास करताना, माणसांशी बोलताना अनुभव जमा होतो, आणि दर १०० अनुभवांमागे एक गुण हाती येतो. तो कुठे लावायचा हे आपण ठरवायचे.

आता यातले गणित पाहू. एखादी कठीण गोष्ट करायची, म्हणजे कुलूप उघडायचे किंवा साक्षीदाराला बोलते करायचे, की खेळ दोन फासे टाकतो. फाशांची बेरीज अधिक आपले कौशल्य, हे त्या कामाच्या काठिण्याइतके किंवा त्याहून जास्त भरले तर यश. दोन्ही फाशांवर सहा आले तर यश नक्की, दोन्हींवर एक आले तर अपयश नक्की. फासे किती वाजता कसे पडतील कोणालाच ठाऊक नसते, पण ३६ शक्यता मात्र फळ्यावर मांडता येतात.

समजा काठिण्य १२ आहे आणि आपले कौशल्य ४. म्हणजे फाशांवर ८ किंवा जास्त हवेत. अशा जोड्या १५ आहेत, म्हणजे यशाची शक्यता सुमारे ४२ टक्के. एक गुण लावून कौशल्य ५ केले की ७ पुरतात. जोड्या २१ होतात आणि शक्यता ५८ टक्क्यांवर जाते. एका गुणाने सोळा-सतरा टक्क्यांची झेप! तोच एक गुण कौशल्य १ असताना लावला तर शक्यता ८ वरून १७ टक्के होते. आणि कौशल्य ८ असताना लावला तर ९२ वरून ९७. त्यापुढे कितीही गुण ओता, दोन्ही फाशांवर एक येण्याची भीती उरतेच. म्हणजे गुण एकच, पण मधल्या मुलाच्या पदरात टाकला तर सर्वांत जास्त फळतो, दोन्ही टोकांना कमी. अर्थात दुसऱ्या बाजूने पाहिले तर ८ वरून १७ म्हणजे दुप्पट. कोणते माप खरे मानायचे? आठवी-नववीच्या वर्गात दोन फासे देऊन हा वाद मुलांमध्ये लावून द्यावा. संभाव्यतेचा धडा त्यातून जितका समजेल तितका सूत्रातून समजत नाही.

पण खेळाची खरी गंमत याच्या पुढे आहे. त्यात परीक्षा दोन प्रकारच्या आहेत. लाल परीक्षा एकदाच देता येते. पांढऱ्या परीक्षेत नापास झालो तर ती बंद होते, पण ते कौशल्य वाढवले की पुन्हा उघडते. आता वरच्याच उदाहरणात पांढरी परीक्षा समोर आहे आणि खिशात एक गुण आहे. आधी गुण लावून मग परीक्षा द्यावी, की आधी परीक्षा द्यावी? आधी गुण लावला तर शक्यता ५८ टक्के. आधी तसाच प्रयत्न केला, फसलो, मग गुण लावून पुन्हा दिला, तर दोन्ही वेळा फसण्याची शक्यता ३६ पैकी २१ गुणिले ३६ पैकी १५, म्हणजे सुमारे २४ टक्के. यशाची शक्यता ७६ टक्के! शिवाय पहिल्याच खेपेस जमले तर गुण खिशातच राहिला.

हा नियम मला फार आवडला. आपण शाळेत नेमके उलटे करतो. आधी सगळे शिकवून, घोकून घेऊन मग प्रश्न पुढे ठेवतो, आणि चुकलेले उत्तर तांबड्या शाईने कायमचे मिटवतो. आपल्या जवळपास सगळ्या परीक्षा लाल असतात. इथे मात्र आधी हात घालून पाहणाऱ्याला फायदा आहे, आणि फसल्यावरही गोष्ट थांबत नाही. फजितीचे प्रसंग तर यशाच्या प्रसंगांपेक्षा जास्त रंगवून लिहिले आहेत, काही वेळा तपासाचा धागा तिथेच सापडतो. (एक अपवाद सांगायला हवा. सुरुवातीला शरीर अगदीच कमकुवत निवडले तर छताच्या पंख्यावर अडकलेला टाय ओढतानाच नायकाचे हृदय बंद पडून खेळ संपू शकतो. हे जरा जास्तच झाले.)

इथपर्यंत सगळे उत्तम. परंतु हाच नियम खेळाडूला एक वाईट खोडही लावतो. आधी प्रयत्न आणि मग गुण हे एकदा कळले, की माणूस गुण लावायचाच थांबतो. तीन-चार गुण खिशात घेऊन हिंडायचे, दार बंद दिसले की तेवढ्यापुरता गुण लावायचा आणि पुढे जायचे. मीही पहिल्या खेपेस तेच केले. प्रेताजवळ गेलो की उलटी होते, म्हणून सोशिकतेत गुण. पुढे कुलूप आडवे आले, म्हणून हस्तकौशल्यात गुण. भरीला कपड्यांचीही मदत असते. अमुक कोट घातला की वक्तृत्व एकाने वाढते, तमुक बूट घातले की चपळाई. त्यामुळे प्रत्येक दारासमोर उभे राहून कपडे बदलण्याचा एक हास्यास्पद उद्योग सुरू होतो. परीक्षेला जाताना लकी शर्ट घालणारी मुले आठवली. एवढेच की इथे तो शर्ट खरोखर कामी येतो.

यात काय बिघडले? बिघडते ते दिसत नाही, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे. कारण या खेळातली कौशल्ये दारे उघडण्यापुरती नाहीत. ती बोलतात. तर्क, सहानुभूती, निरीक्षण हे नायकाच्या डोक्यातले आवाज आहेत. कोणाशी बोलत असताना कौशल्य पुरेसे असेल तर तो आवाज मध्येच काही सांगतो. हा माणूस घाबरला आहे, याने ‘काल’ म्हणताना डोळे खाली केले, इथल्या धुळीवर ओरखडा आहे. यासाठी फासे टाकले जात नाहीत. कौशल्य पुरेसे असले तर ऐकू येते, नसले तर शांतता. आणि आपण काही ऐकायचे चुकलो हेही कळत नाही. पांढरी परीक्षा फसली तर बंद दार समोर दिसते. न ऐकलेल्या वाक्याची मात्र कुठेच नोंद नाही.

विज्ञानाच्या शिक्षकाला हे ओळखीचे वाटेल. सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा कांद्याचा पापुद्रा पाहणाऱ्या मुलाला पेशी दिसत नाहीत, हवेचे बुडबुडे दिसतात. तो खोटे बोलत नाही. त्याला तेच ठळक दिसते. पेशी कशी असते हे थोडे ठाऊक झाल्यावर तीच काच निराळी दिसू लागते. ज्ञान आणि कौशल्य यांचा मोठा उपयोग उत्तर देण्यात नसून प्रश्न दिसण्यात असतो, हे या खेळाइतके स्पष्ट मला दुसऱ्या कुठल्या खेळात आढळले नाही. तरीही गुण कुठे लावावा हे ठरवण्याच्या वेळी खेळ आपल्यासमोर टक्केवारी मांडतो ती फक्त दारांची. ३६ जोड्यांचे माझे वरचे सगळे गणितही तेवढ्याचेच. मग खेळाडूने गुण साठवून ठेवले तर दोष त्याला का द्यावा?

आणखी एक बारीक गोष्ट रचनाकारांना छान साधली आहे. कौशल्य वाढले म्हणजे सगळे चांगलेच होते असे नाही. विश्वकोश फार वाढला तर तो कामाच्या दहापट बिनकामाची माहिती सांगत सुटतो. अधिकार वाढला तर साध्या माणसावरही डाफरायला लावतो. नाट्यकौशल्याला जिकडे तिकडे खोटे बोलणारेच दिसतात. एका संशयित बाईच्या चौकशीत तर संकल्पशक्ती नायकाला बजावते की बाकीच्या आवाजांवर आत्ता विसंबू नकोस, ते तिच्या प्रभावाखाली आहेत. हुशार आवाजाने खात्रीने सांगितले म्हणून ते खरे नसते, तपासून घ्यावे लागते. हा प्रसंग मी दोनदा खेळलो.

मात्र एका बाबतीत या खेळाशी माझे अजिबात पटत नाही. सुरुवातीला निवडलेला मूलगुण हाच कौशल्याचा प्रारंभही ठरवतो आणि मर्यादाही. मूलगुण ५ असेल तर त्याखालच्या कौशल्यात पाचपर्यंत भर घालता येते, मूलगुण १ असेल तर एकाचीच. खेळात ‘विचार’ मनात मुरवून काही मर्यादा वाढवता येतात, पण तो अपवाद. म्हणजे पहिल्या पाच मिनिटांत ‘या मुलाला गणित येणार नाही’ असे लिहून टाकायचे आणि पुढे तीस तास ते खरे करत राहायचे! खेळ म्हणून सोय असेल, पण ज्याला सगळे विसरून नव्याने सुरुवात करायची आहे अशा माणसाच्या गोष्टीत हा नियम खटकतो. शिवाय गुण मिळतो एका कामातून आणि लागतो भलत्याच कामात. म्हातारीशी गप्पा मारून मिळवलेला गुण दंडाच्या ताकदीला लावता येतो. सायकल शिकल्याने कोणाचे पाढे पाठ झाल्याचे ऐकिवात नाही.

होम्सच्या माळ्याची गोष्ट अर्धी राहिली. कॉनन डॉयलने ती पुढे स्वतःच मोडीत काढली. ‘शून्य साहित्यज्ञान’ असलेला होम्स दुसऱ्याच कादंबरीत गटेची वचने म्हणून दाखवतो. आणि १९२६ सालच्या ‘द लायन्स मेन’ या कथेत समुद्रावर पोहायला गेलेला माणूस अंगावर फटक्यांसारखे वळ घेऊन मरतो, तेव्हा कोडे सुटते ते होम्सने कधीतरी सहज वाचलेल्या निसर्गवर्णनाच्या एका पुस्तकामुळे. खुनी माणूस नसून सायनिया नावाची जेलीफिश असते. तिथे होम्स कबूलच करतो की आपला माळा असंबद्ध गोष्टींनी भरलेला आहे. विश्वकोशाचा आवाज बंद ठेवला असता तर ते प्रकरण सुटते ना.

दुसऱ्या खेपेला मी खिशात काहीच ठेवायचे नाही असे ठरवले. पहिले तीन गुण लागोपाठ निरीक्षण आणि सहानुभूती यांत लावले, समोर दार नसतानाच. सोशिकतेला काही मिळाले नाही, त्यामुळे झाडाखाली पुन्हा उलटी झाली आणि किमने शांतपणे मान फिरवली. मात्र खानावळीतल्या ज्या माणसांशी पहिल्या वेळी दोन वाक्ये बोलून पुढे गेलो होतो, त्यांच्यापाशी या वेळी बराच वेळ थांबावे लागले.