आकारमानाचे व्याकरण : विशाल फाइली व त्यांच्या राखीव प्रती

युनिक्स प्रणालीवरील डेटाबेसची राखीव प्रत घेणे हा केवळ जागेचा प्रश्न आहे, असे सामान्यतः समजले जाते. हे मत अपुरे आहे. फाईल फार मोठी झाली म्हणजे प्रथम जागाच अपुरी पडते असे नव्हे. अनेकदा तिचे आकारमान लिहिण्यासाठी नेमलेले अंक अपुरे पडतात. म्हणूनच भाषेच्या अभ्यासकानेही या प्रश्नाचा विचार करावयास हवा.

टार या आज्ञेचे उदाहरण घेऊ. युनिक्सच्या १९७९ मधील सातव्या आवृत्तीत आलेली ही आज्ञा प्रत्येक फाइलीपूर्वी ५१२ बाइटांचे शीर्षक लिहिते. त्यातील आकारमानाच्या रकान्यात अष्टमान पद्धतीचे ११ अंक बसतात. १९८८ च्या पॉसिक्स प्रमाणकानेही हाच संकेत ठेवला. परिणामी ८ जीबी वा त्याहून मोठी फाईल या व्याकरणात सांगताच येत नाही. २००१ च्या प्रमाणकाने विस्तारित शीर्षकाची सोय करून ही उणीव भरून काढली.

ही मर्यादा त्रासदायक खरी. परंतु तेथे काम बहुधा अडते आणि अडल्याचे कळते. जीझिपचा दोष निराळ्या जातीचा होता. त्याच्या रचनेत मूळ लांबीसाठी अखेरचे ४ बाइट राखलेले आहेत. त्यांत ४ जीबीने भागून उरणारी बाकीच तेवढी मावते. त्यामुळे ५ जीबीची फाईल त्याच्या यादीत १ जीबीची दिसे. मजकूर शाबूत असे. वर्णन मात्र खोटे ठरे. २०२२ मधील १.१२ या आवृत्तीत यादीची ही चूक सुधारली गेली. मौन पाळणाऱ्या साधनापेक्षा असत्य सांगणारे साधन अधिक घातक होय, असे आमचे मत आहे.

मोठ्या फाइलीचे तुकडे करावेत, हा प्रचलित उपदेशही तपासून घ्यावयास हवा. सलग संक्षेपिलेल्या प्रवाहाचा मधला एक तुकडा हरवला, तर पुढील तुकडे सहसा निरुपयोगी ठरतात. पोस्टग्रेस स्वतःच मोठी सारणी १ जीबीच्या खंडांत ठेवतो. तथापि चालू डेटाबेसचे हे खंड एकामागून एक नुसते उतरविले, तर प्रत्येक खंड निराळ्या क्षणाचा निघतो. एकाच वाक्यात काळांची सरमिसळ व्हावी, तसा हा प्रकार आहे. नोंदवहीतील बदल पुन्हा लागू केल्यावाचून अशा प्रतीला सुसंगत अर्थ येत नाही. २०२४ मधील सतराव्या आवृत्तीपासून केवळ बदललेल्या भागांची प्रत घेता येते. परंतु अशा प्रतींची साखळी जोडून पाहण्याचे कर्तव्य त्यामुळे टळत नाही, उलट वाढते.

भाषाविभागांपाशी बोलींची ध्वनिमुद्रणे असतात, आणि त्यांतील कित्येक निवेदक आज हयात नसतात. ती मुद्रणे पुन्हा करता यावयाची नाहीत. म्हणून प्रतीचा आकडा पाहून समाधान मानू नये. ती दुसऱ्या यंत्रावर उभी करून वाचून पाहावी. जी प्रत कधी वाचलीच नाही, तिला प्रत म्हणणे हे धाडसाचे होईल.